घर ‘गेलं’ असं सांगू नका

पत्र:
‘आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघांच्या नोकऱ्या चांगल्या आहेत, ग्रीन कार्डाचं अजून व्हायचंय. शिल्लक घालून एक टाउनहाउस घेतलं, ते भाड्यानं द्यायचं आहे. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत व्यवस्थित आलेला अर्ज एका कृष्णवर्णीय नर्सचा आहे. तिला दोन मुलं आहेत. पगार, क्रेडिट, आधीच्या घरमालकाचं पत्र, सगळं ठीक. आमच्या मंडळातले एक काका घरं भाड्यानं देण्यात मुरलेले आहेत. त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, “तुम्हाला देत नाही असं तोंडावर म्हणू नकोस. घर गेलं म्हणून सांग. आपल्यातलं कुणीतरी मिळेल.” मंडळाच्या जेवणात हाच विषय निघाला आणि ‘त्या लोकां’बद्दल जे बोललं गेलं ते मला लिहवत नाही. मी पोळ्या वाढत राहिले. त्याच आठवड्यात माझ्या सातवीतल्या मुलीला शाळेत रोझा पार्क्सवर बोलायचं होतं, तिची तयारी मीच करून घेतली. मी काही रोझा पार्क्स नाही. आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचंय, असं नवरा म्हणतो. तो वाईट माणूस नाही. या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे. माझ्यासारख्या साध्या बाईनं काय करावं?’
– एक वाचक, न्यू जर्सी

प्रिय ताई,

तुमच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून कामाचं आधी सांगते. काकांचा सल्ला बेकायदा आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात यासाठी वेगळं कलमच आहे: घर रिकामं असताना, अर्जदाराच्या वंशामुळे ‘ते उपलब्ध नाही’ असं सांगता येत नाही. काकांना जी पळवाट सुरक्षित वाटते, नेमकी तीच कायद्यानं बंद केलेली आहे. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा तर त्याहून जुना, १९४५ सालचा, आणि आज तो घरभाड्यालाही लागू आहे.

हे उघडकीला कसं येतं तेही नवऱ्याला सांगा. घरहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था एकाच जागेवर दोन माणसं पाठवतात, एक गोरं, एक कृष्णवर्णीय. दोघांची सांगितलेली मिळकत सारखी, गरज सारखी. कोणाला काय उत्तर मिळालं ते दोघंही घरी जाऊन लगेच लिहून काढतात. व्हर्जिनियात रिचमंड शहराजवळच्या एका वसाहतीत सिल्व्हिया कोलमन या कृष्णवर्णीय बाई अशाच चौकशीला गेल्या. त्यांना ‘जागा नाही’ असं सांगितलं गेलं आणि त्यांच्या गोऱ्या जोडीदाराला ‘आहे’ असं. कोलमन यांना तिथे राहायला जायचंच नव्हतं. तरीही १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की खरी माहिती मिळण्याचा हक्क त्यांनाही होता आणि त्या दावा लावू शकतात. हे काम करणाऱ्यांची छायाचित्रं शाळेच्या भिंतीवर लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी जाऊन घरं बघायची, नकार पदरात घ्यायचा आणि नीट अक्षरात तो लिहून ठेवायचा, एवढंच ते काम. पण कागदावरचा कायदा अशा लोकांमुळेच दारापर्यंत पोचला.

तेव्हा काकांचं ऐकणं हा तुमच्या कुटुंबासाठी सुरक्षित मार्ग नाही. ग्रीन कार्डाच्या काळजीत असलेल्या माणसानं तर कायदा मोडण्याचा सल्ला मुळीच घेऊ नये. नवऱ्याशी बोलताना हा मुद्दा जरूर वापरा. पण तुम्ही मला कायद्याबद्दल विचारलेलं नाही. साध्या बाईनं काय करावं, असं विचारलं आहे, आणि त्याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

‘मी रोझा पार्क्स नाही’ या वाक्यापासून सुरू करू. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून, त्यांना अटक झाली तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि एका मोठ्या दुकानात शिवणकाम करत होत्या, हे मुलीच्या तयारीत आलंच असेल. एनएएसीपी या हक्कसंघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव म्हणून त्यांची पहिली निवड १९४३ सालची, हे कदाचित आलं नसेल. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याकडे जायचं, त्यांची हकीकत उतरवून घ्यायची, कागद सांभाळायचे, असं ते काम होतं. त्यांना जामिनावर सोडवायला गेले ई. डी. निक्सन, व्यवसायानं रेल्वेच्या शयनयान डब्यातले पोर्टर. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेनं एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना हाताशी घेऊन कॉलेजच्या यंत्रावर बसबहिष्काराची हजारो पत्रकं छापून काढली. रॉबिन्सनबाई तेव्हा स्त्रियांच्या एका राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि बसमधली वागणूक सुधारली नाही तर बहिष्कार होऊ शकतो, असं पत्र त्यांनी महापौरांना मे १९५४ मध्येच धाडलं होतं. पार्क्स उठल्या नाहीत त्या क्षणी त्यांच्यामागे हे सगळं उभं होतं. त्यांच्या धैर्याला यानं कमीपणा येत नाही. मात्र एकटीनं, अचानक, विजेसारखं काहीतरी करावं लागतं आणि ते आपल्याला जमणार नाही, ही जी धास्ती तुमच्या पत्रात आहे, तिला आधार नाही.

त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कोल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमध्ये अशीच बसून राहिली होती. पोलिसांनी तिला ओढत खाली उतरवलं. तिच्यासाठी शहर थांबलं नाही. वय कोवळं, घर गरीब, पुढे ती गरोदर राहिली. पुढाऱ्यांना तिचं प्रकरण पुढे करण्याची जोखीम वाटली. मला त्या पुढाऱ्यांची अडचण समजते आणि तरी त्या मुलीवर अन्याय झाला असंच वाटतं. कारण १ फेब्रुवारी १९५६ ला बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवण्याच्या पद्धतीविरुद्ध, म्हणजे विलगीकरणाविरुद्ध, संघराज्य न्यायालयात जो दावा दाखल झाला, त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्या, क्लॉडेट होती. तिच्याबरोबर ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड आणि अठरा वर्षांची मेरी लुईज स्मिथ. पाचवी एक जण होती. तिनं धाकदपटशापुढे नाव मागे घेतलं. तिला कोणी नावं ठेवू नयेत. त्याच आठवड्यात बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग आणि निक्सन या दोघांच्याही घरांवर बॉम्ब टाकले गेले होते. उरलेल्या चौघींच्या दाव्यावर नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं आणि बसमधलं विलगीकरण संपलं. क्लॉडेटच्या नावावरची अटकेची ती जुनी नोंद पुसायला मात्र २०२१ साल उजाडलं.

आता जॉर्जिया गिलमोर. या बाईबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. सहा मुलांची आई, एका खानावळीत स्वयंपाकीण, शिवाय सुईणीचं काम. मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीय प्रवाशानं पुढच्या दारातून चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं परत चढायचं अशी रीत होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये एका चालकानं तिचे पैसे घेतले, तिला खाली उतरवलं आणि ती मागच्या दाराशी पोचायच्या आत गाडी हाकली. त्या दिवसापासून तिनं बस सोडली. शहराचा बहिष्कार त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झाला.

तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. तेवढे दिवस हजारो माणसं कामाला जाणार कशी? चर्चनी स्टेशन वॅगन घेतल्या, लोकांनी आपापल्या गाड्या दिल्या, थांबे ठरले, वेळा ठरल्या. पेट्रोल, टायर, दुरुस्ती, विमा, सगळ्याला रोज पैसा लागत होता. जॉर्जियानं ओळखीच्या बायका जमवल्या. चिकनची सँडविचेस, मासे, केक, रताळ्याचं सारण भरून भाजलेले ‘पाय’ (pie) घरोघरी करायचे, सभांना, केशकर्तनालयांत, दारोदार विकायचे आणि दर आठवड्याला पैसे बहिष्काराच्या सभेत नेऊन द्यायचे. मंडळाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं मालकिणीनं किंवा पोलिसानं विचारलं तर खोटं न बोलता ‘कुठूनच नाही’ म्हणता यावं, म्हणून. कोणी किती केलं हे फक्त जॉर्जियाला ठाऊक असे, कारण त्या बायकांपैकी बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या आणि नाव कळलं असतं तर चूल बंद झाली असती. मार्च १९५६ मध्ये बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात जॉर्जियानं उभं राहून त्या चालकाची हकीकत सांगितली. तिची नोकरी गेली. मग तिनं आपल्याच घरात खानावळ सुरू केली आणि तिच्या टेबलावर काळे-गोरे शेजारी बसून जेवू लागले. १९९० मध्ये, मतदान हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाला पंचवीस वर्षं झाली त्या निमित्तानं येणाऱ्यांसाठी स्वयंपाक करत असतानाच ती गेली. तिनं रांधलेलं अन्न तिच्या शोकाला आलेल्या लोकांना वाढलं गेलं.

तुम्ही पोळ्या वाढत राहिलात याची तुम्हाला लाज वाटते आहे, ते पत्रातून जाणवतं. वाढण्यात लाजेचं काही नाही. गप्प राहण्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्या बसमध्ये तुमची जागा रोझाची किंवा जॉर्जियाची नव्हतीच. अपमान त्या नर्सचा होतो आहे. तुम्ही ज्या बाकावर आहात तिथे तेव्हा ज्युलिएट मॉर्गन बसली होती.

ज्युलिएट मॉर्गन गोरी, सुखवस्तू घरातली, शहरातल्या ग्रंथालयात नोकरी करणारी. तिला अचानक धास्तीचे झटके येत, म्हणून गाडी चालवायची नाही, बसनंच जायची. म्हणून जे तिच्या मैत्रिणींना दिसत नव्हतं ते तिला रोज दिसे. एकदा तिच्या डोळ्यांदेखत एका चालकानं एका कृष्णवर्णीय बाईचे पैसे घेतले आणि तिला न घेताच बस पुढे नेली. ज्युलिएटनं धोक्याची दोरी ओढली. बस थांबवली, दार उघडायला लावलं, बाईला आत घ्यायला लावलं. त्यानंतरही तिनं अनेकदा हेच केलं. बहिष्काराला आठवडा होतो न होतो तोच, १२ डिसेंबर १९५५ ला, तिचं पत्र स्थानिक दैनिकात छापून आलं. मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी गांधींकडून धडा घेतलेला दिसतो, असं म्हणत तिनं त्यांच्या पायपिटीची तुलना मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. आपल्या दांडीची आठवण त्या शहराला करून दिली ती एका ग्रंथपाल बाईनं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढचं सांगायला जड जातं. तिच्या घरावर दगड आले, फोनवर शिव्या आल्या, धमकी म्हणून अंगणात क्रूस जाळला गेला. महापौरांना ती नोकरीत नको होती. आणि तिच्याच वर्तुळातले लोक, ज्यांतल्या काहींना मनातून तिचं पटत होतं, एकेक करून दूर झाले. जुलै १९५७ मध्ये तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. आज त्या शहराच्या मुख्य ग्रंथालयाला तिचं नाव आहे.

हे तुम्हाला घाबरवायला लिहिलेलं नाही. घर प्रामाणिकपणे भाड्यानं दिल्यामुळे तुमच्या अंगणात कोणी काही जाळणार नाही. पण मंडळात थंडपणा येईल, दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण कदाचित उशिरा येईल, आणि तुमच्यासारख्या, माणसांमध्ये रमणाऱ्या बाईला ते खुपेल. जॉर्जियाभोवती बायका होत्या, ज्युलिएट एकटी पडली. म्हणून माझा पहिला सल्ला असा: बोलण्याआधी सोबत शोधा. त्या जेवणात मान खाली घालून बसलेली आणखी एक तरी असणार. तिला फोन करा. ‘परवाचं बोलणं मला आवडलं नाही, तुला काय वाटलं?’ एवढंच विचारा. पुढच्या वेळी दोघी शेजारी बसा.

आता ‘आपण पाहुणे’. हे वाक्य मराठी घरांत फार ऐकू येतं आणि त्यामागची भीती खोटी नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीनं कपाळावरची टिकली बघून भारतीयांवर हल्ले केले, ते तुमच्याच राज्यात. पण आपण तिथे आलो कसे? १९४६ च्या कायद्यानं भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना कायमच्या वास्तव्यासाठी येऊ दिलं जाई. वंश आणि देश पाहून माणसं मोजणारी ती पद्धत १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं मोडली. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि हा कायदा एकाच लाटेतले. ती लाट उठवण्यासाठी ज्यांनी बस सोडून पायपीट केली, मार खाल्ला, त्यांची नातवंडं-पतवंडं आज तुमच्याकडे घर मागायला आलेली असू शकतात. नवऱ्याला हे शांतपणे सांगा, टोमणा म्हणून नको.

आणि घर नाकारण्याची सबब आपल्याला परकी नाही. पुण्या-मुंबईत आडनाव ऐकून ‘घर गेलं’ म्हणणारे आपणच. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून, लंडनमार्गे, बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले; कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव त्यांना हुसकायला आला. मग ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांपैकी कोणीही अपमानाचा शब्द काढला नाही. तू आलास तर नोकर निघून जातील, असं एक म्हणाला. बायकोला विचारावं लागेल, असं दुसरा म्हणाला. गाडीच्या वेळेपर्यंत बाबासाहेब एका बागेत बसून राहिले आणि मुंबईला परत गेले. मला काठीवाल्यांपेक्षा त्या दोन मित्रांचा विचार जास्त सतावतो. तेही साधे, सुशिक्षित, वाईट नसलेले लोक होते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आज रात्री मुलगी झोपल्यावर नवऱ्याशी बोला. काकांचं नाव काढून भांडण सुरू करू नका. अर्ज समोर ठेवा आणि विचारा, ‘यात नाव आणि फोटो नसता तर आपण कोणाला घर दिलं असतं?’ तुमच्या वर्णनावरून उत्तर स्पष्ट आहे. मग निकष कागदावर लिहून काढा: किमान मिळकत, क्रेडिट, आधीच्या घरमालकाचा दाखला, आणि जो पात्र अर्ज आधी आला त्याला आधी. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक अर्जदाराला तोच लावा, मराठी असला तरी. ‘मुलं आहेत’ हे कारणही मनात आणू नका. मुलाबाळांच्या कुटुंबाला त्याच कारणानं नाकारणं १९८८ पासून त्याच कायद्याखाली येतं.

काका विचारतील तेव्हा वाद घालायची गरज नाही. ‘अर्ज चांगला होता, घर दिलं’ एवढं पुरे. ते ‘त्या लोकां’वर घसरले तर वयाचा मान ठेवूनच सांगा, ‘काका, माझ्यासमोर असं बोलू नका.’ नवऱ्यानं हे वाक्य म्हटलं तर आणखी चांगलं, कारण सल्ला त्याला दिला गेला होता. मंडळात भाषण करायला जाऊ नका. पण विषय पुन्हा निघाला आणि कोणी नवं कुटुंब घर भाड्यानं द्यायला निघालं असेल, तर ‘घर गेलं’ सांगणं बेकायदा आहे ही माहिती सगळ्यांसमोर द्या. ती माहिती आहे, उपदेश नाही, आणि काकांच्या सल्ल्यानं अडचणीत येऊ शकणाऱ्या तरुण जोडप्यांना तिची खरोखर गरज आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. त्या नर्सला यातलं काही सांगू नका. काका काय म्हणाले, तुम्ही कसं ठाम राहिलात, नवऱ्याला कसं समजावलंत, काहीच नाही. तुम्ही तिच्यावर उपकार करत नाही आहात. तिच्याकडे पगार आहे, कागद आहेत, तिला घर हवं आहे. तिनं कृतज्ञ राहावं, जास्त जपून राहावं, तुमच्या घरी भजी खायला यावं, अशी अपेक्षा मनात आली तर तिथेच थांबवा. पुढे कधी भाड्याला उशीर झाला तर इतर कोणत्याही भाडेकरूशी बोलाल तसं बोला. आणि तसा उशीर झालाच तर मंडळात ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणायला कोणी टपलेलं असेल. एका भाडेकरूच्या उशिरावरून कोणाच्या वंशाबद्दल काही सिद्ध होत नाही, हे तेव्हाही त्याच शांतपणे सांगावं लागेल. आपल्यातले भाडेकरूही भाडं थकवतात, हे काकांना चांगलं माहीत आहे.

उद्या सकाळी तिला होकार कळवा आणि घर दाखवायची वेळ ठरवा. करारनामा सही करण्याआधी तिथल्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. डिपॉझिट न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. काकांनी दुसरा आकडा सांगितला असेल तर तोही सोडून द्या.